ज्या दारावर मी, त्याच्या हाती झाडू

मी ओक लाकडाचा एक जुना तुकडा आहे आणि मला कुणी बिचारा म्हटलेले चालत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकीकत सांगू लागल्या की शेवटी रडतात, ऐकणारे हळहळतात आणि मग जो तो आपल्या कामाला निघून जातो. मी रडणार नाही. मला रडण्यापेक्षा राग जास्त येतो.

मित्रांनो, मी आहे एवढासा, शाळेच्या वहीएवढा. वर एक भोक आहे, त्यात चामड्याची वादी आहे. अंगावर तापलेल्या सळईने डागून लिहिले आहे, 'झाडण्याचा आठवडा'. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या हेस्लाख भागात, चढावरच्या एका घरात माझे सगळे आयुष्य गेले. तळमजला, त्यावर दोन मजले आणि सर्वांत वर पोटमाळ्याचे घर. ज्या दारावर मी टांगलेला असतो, त्या घराने तो आठवडा जिना झाडायचा, पुसायचा, दारापुढची फरसबंदी साफ ठेवायची आणि बर्फ पडला तर तो ओढून बाजूला करायचा. शनिवारी संध्याकाळी त्याच घराने मला खिळ्यावरून काढून पुढच्या दारावर लावायचे, दार वाजवायचे आणि म्हणायचे, "आता तुमचा नंबर."

फलक होण्याआधी मी याच जिन्याची पायरी होतो. तळमजल्यावरून पहिल्या मजल्याकडे जाताना वळणावरची. माझ्या मधोमध अजून एक उथळ खळगा आहे, बोट फिरवलेत तर लागेल. तो बुटांनी पाडला आहे. माझ्यावरून कोळशाच्या गोण्या वर गेल्या, नवी बाळे वर गेली, शवपेट्या खाली आल्या. महायुद्धात आजूबाजूची घरे पडली तेव्हा लोक माझ्यावरून धावत तळघरात उतरले. तेव्हा माझ्यावर काही लिहिलेले नव्हते. सगळे जण न बघता माझ्यावर पाय टाकत, आणि तोच माझा मान होता.

मग मी सैल झालो. खालचा आधार कुजला होता, माझा दोष नव्हता. पहिल्या मजल्यावर पियानोचे सूर लावणारे एक गृहस्थ भाड्याने राहत. त्यांनी घरमालक म्हाताऱ्या रीकरना तीनदा सांगितले की पायरी हलते आहे. "वसंतात बघू," म्हातारा म्हणाला. चौथ्यांदा सांगायला ते आले नाहीत, कारण माझ्यावरूनच घसरून त्यांचा पाय मुरगळला होता.

त्या वर्षी म्हाताऱ्याच्या मुलाचे, ओटमारचे, नुकतेच लग्न झाले होते. नव्या सुनेचे नाव ट्राउडे. पियानोवाल्यांचा पाय बांधून झाल्यावर ती सरळ माझ्यावर येऊन बसली.

"सूनबाई, लोकांना वाट सोडा," सासरे म्हणाले.

"लोकांनी माझ्यावरून उडी मारून जावं. तुमच्या पायरीपेक्षा मी बरी. मी हलत तरी नाही."

"किती वेळ बसणार?"

"वसंतापर्यंत."

ओटमार त्याच दुपारी सुताराला घेऊन आला. माझ्या जागी नवी पायरी बसली. मला सरपणात टाकायला निघाले होते, पण ट्राउडेने अडवले. तिने सुताराकडून माझा बरा राहिलेला भाग कापून घेतला आणि चुलीत सळई तापवून माझ्यावर अक्षरे डागली. भाजताना दुखले. पण जळून राख होण्यापेक्षा ते परवडले.

त्याआधी या घरात पुठ्ठ्याचा फलक होता आणि तो फक्त भाडेकरूंच्या दारांवर फिरायचा. ट्राउडेने मला पहिल्यांदा लावले ते रीकरांच्या स्वतःच्या, तळमजल्यावरच्या दारावर. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"मालकाने जिना झाडायचा?"

"मालकाचे बूट काय हवेतून येतात?"

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण मोठे होऊन घरे घ्याल, ती भाड्याने द्याल. घर भाड्याने देऊन पैसे कसे करावेत हे शिकवणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला तसले काही येत नाही. मी फक्त एका बाईने हे काम कसे केले ते जवळून पाहिले. तेवढे सांगतो.

तिचा पहिला नियम होता तो माझाच. फलक ज्याच्या दारावर, त्याने झाडताना जे दिसेल ते तिला सांगायचे. हलता कठडा, ठिबकता नळ, भिंतीवरचा ओला डाग, काहीही. आणि ती त्याच दिवशी वर येणार. झाडणाऱ्याची नजर कोपऱ्यात जाते, ती म्हणायची, मालकाची नजर फक्त दारापर्यंत जाते. शेजारच्या घरांनी पुढे सफाईची कंपनी लावली. तिथले जिने आमच्यापेक्षा चकचकीत दिसायचे. पण कंपनीचा माणूस वाहणाऱ्या नळाखालची फरशीसुद्धा पुसून जायचा आणि नळाबद्दल कुणाला काही सांगायचा नाही. त्याला त्याचे पैसे नव्हते.

भाडेकरू ठेवताना ट्राउडे त्यांना आधी तळघरात न्यायची. जाद्रांका पेरिच आपल्या नवऱ्याला आणि दोन लहान मुलींना घेऊन दुसऱ्या मजल्याचे घर बघायला आली, तो दिवस मला आठवतो. ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करायची, मूळची क्रोएशियाची.

"जोराचा पाऊस झाला की हा कोपरा ओला होतो," ट्राउडे तळघरात म्हणाली. "सायकली तिकडे ठेवा. वरच्या स्वयंपाकघरात ट्रामचा आवाज येतो. आणि पहिल्या मजल्यावर फ्राउ शॉयफेले राहतात, त्यांना दुपारी शांतता लागते. आता घर बघायचं?"

"आणि चांगलं काय आहे?" जाद्रांकाने विचारले.

"ते तुमचं तुम्हाला दिसेल. त्याला मी कशाला हवी?"

इतर काही जण जास्त भाडे द्यायला तयार होते. तरी ट्राउडेने घर जाद्रांकाला दिले. "पगाराची चौकशी केलीस ना?" ओटमारने विचारले. "केली," ती म्हणाली. "पण त्याआधी दुसरंच बघितलं. जिन्यात एक वाळलेलं पान पडलं होतं. तिने ते उचललं आणि खिशात टाकलं. तिचं तिलाही कळलं नाही."

भाडे वाढवायचे असले की ती स्वतः केक भाजून वर जायची. थोडे वाढवायची, बराच वेळ आधी सांगायची आणि त्यातून छपराचे कोणते काम होणार आहे तेही सांगायची. फ्राउ शॉयफेले (आमच्याकडे बाईंना फ्राउ म्हणतात आणि पुरुषांना हेर) केकचा दुसरा तुकडा घेत म्हणायच्या, "वाढ कडू आहे, केक गोड आहे. बदाम थोडे जास्त घातले असते तर तक्रारीला जागा नव्हती."

आणि घर रिकामे राहिले तर? रिकाम्या घराचा आठवडा मालकाचा, आणि तो त्याच्या स्वतःच्याच आठवड्यात धरायचा, असा तिचा नियम होता. शिवाय ती दर शनिवारी रिकाम्या घरात जाऊन सगळ्या मोऱ्यांमध्ये तांब्याभर पाणी ओतायची. मोरीच्या नळीत साचलेले पाणी सुकले की गटाराचा वास वर येतो, हे तुम्हाला कुणी सांगितले नसेल. ती खिडक्या उघडायची, दहा मिनिटे थांबायची आणि जाताना स्वतः बंद करायची. ओटमारला वाटायचे तिला उगीच जिने चढायची हौस आहे.

अशी माझी चांगली वर्षे गेली. स्थानिक संग्रहालयातल्या एक बाई मला मागायला आल्या होत्या. काचेच्या कपाटात ठेवणार होत्या, खाली नाव लिहिणार होत्या. ट्राउडेने त्यांना कॉफी पाजली आणि म्हणाली, "त्याची नोकरी चालू आहे अजून." माझ्याबद्दल कुणी याहून चांगले बोललेले नाही.

मग तो ऑक्टोबर आला. पोटमाळ्यावरचा विद्यार्थी शिक्षण संपवून गेला होता. जाद्रांकाचा आठवडा झाला आणि ती मला घेऊन खाली आली. ट्राउडे आजारी होती. तरी ती भिंतीला धरून दाराशी आली, मला जाद्रांकाच्या हातातून घेतले आणि स्वतःच्या हाताने खिळ्यावर लावले.

"या आठवड्यात ओटमार झाडेल," ती म्हणाली. "कोपरे बघा हं त्याचे. त्याला वाटतं जिन्याला कोपरेच नसतात."

शनिवार यायच्या आत ती गेली.

त्या शनिवारी ओटमारने जिना झाडला. कोपरेसुद्धा झाडले. संध्याकाळी मला काढायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. तिने लावलेले त्याला काढवेना. पुढच्या शनिवारीही तेच. मग नोव्हेंबर, मग डिसेंबर. मी त्याच खिळ्यावर, त्याच दारावर. म्हातारा ओटमार दर शनिवारी एकटा झाडत होता. त्याचा गुडघा दुखायचा, म्हणून तो दुसऱ्या मजल्यापर्यंतच जायचा. त्यापुढच्या पायऱ्यांवर धूळ साचत गेली. पोटमाळ्याच्या मोऱ्यांत पाणी ओतायला कोणी गेले नाही.

लोक म्हणाले, किती प्रेम आहे बघा. मला त्याचा संताप यायचा. मलाही तिची आठवण येत होती. माझ्यावरचे अक्षर तिचे आहे, मला दुसरे अक्षर माहीत नाही. पण मी थडग्यावरचा दगड नव्हतो. मला फिरायला केले होते.

अशा वेळी ओटमारचा भाचा फोल्कर येऊ लागला. वाईट माणूस नव्हता. येताना सूप आणायचा, मामाची औषधे आणायचा. घरांच्या खरेदी-विक्रीत असायचा, म्हणून त्याला प्रत्येक घर विकाऊ दिसायचे.

"मामा, एकट्याने हे घर ओढायचं वय आहे का तुझं? विकून टाक. पण भाडेकरू असलेल्या घराला गिऱ्हाईक कमी देतं. पोटमाळा रिकामा आहे तो तसाच राहू दे. दुसरा मजला रिकामा झाला की भाव बघ कसा येतो."

"तिथं पेरिच मंडळी राहतात."

"त्यांना नोटीस द्यायची. मालकाला स्वतः राहायला जागा हवी असली की देता येते. तू वर राहायला जाणार आहेस, असं लिहायचं."

"मी जाणार नाही वर."

"लिहायला काय जातंय?"

ओटमार काही बोलला नाही. त्या हिवाळ्यात तो कशालाच काही बोलत नसे. फोल्करने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

जानेवारीत फोल्कर एका गिऱ्हाइकाला पोटमाळा दाखवायला घेऊन गेला. उतरताना जाद्रांकाकडेही डोकावला. त्यानंतर काही दिवसांतच तिच्या झोपायच्या खोलीच्या छताला डाग पडला. फेब्रुवारीत फोल्कर पुन्हा आला तेव्हा डाग ताटाएवढा झाला होता.

"खिडक्या उघडत नाही का तुम्ही?" तो तिला म्हणाला. "दिवसभर काहीतरी शिजवत असता. वाफ कोंडते."

"डाग वरून आलाय."

"वर कोणी राहतच नाही, बाई."

खाली येऊन त्याने मामाला सांगितले की हे लोक घर खराब करत आहेत, म्हणजे नोटीस द्यायला आणखी एक कारण झाले.

आता तुम्ही विचाराल, जाद्रांका स्वतः ओटमारला का सांगायला आली नाही? तेच तर सांगतो. एके सकाळी ती आणि फ्राउ शॉयफेले माझ्यासमोरच बोलत उभ्या होत्या.

"छत ओलं होतंय. रोज वाढतंय," जाद्रांका म्हणाली.

"मग सांगा ना त्यांना."

"कसं सांगू? फलक त्यांच्याच दारावर आहे. माझा आठवडा नाही."

फ्राउ शॉयफेलेंनी माझ्याकडे बघितले. "माझाही नाही," त्या म्हणाल्या.

"आणि त्यांचा चेहरा बघितलात का?"

"बघितला."

दोघी आपापल्या घरी गेल्या. मित्रांनो, इतकी शिस्तीची माणसे तुम्ही दुसरीकडे पाहिली नसतील. वर छत गळते आहे, खाली घर जायची वेळ आली आहे, आणि यांचा आठवडा नाही. मला त्या क्षणी खिळ्यावरून उडी मारावीशी वाटली. पण मी लाकूड आहे. मला कुणीतरी काढावे लागते.

मार्चमधला एक शनिवार. ओटमार झाडू घेऊन दारात उभा होता. फ्राउ शॉयफेले पाव घेऊन बाहेरून आल्या. त्या सत्तरीच्या पुढच्या, बारीक, ताठ. टपाल पेटीजवळ थांबल्या.

"तुमचा भाचा काल जिन्यात फोनवर बोलत होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावर कोण राहायला जाणार म्हणे?"

"मी. म्हणजे तसं लिहायचं असतं."

"तुम्ही? गुडघा दुखतो म्हणून वर राहायला जाणार?"

"फोल्कर म्हणतो तशी पद्धत आहे."

"फोल्कर म्हणतो. तुम्ही काय म्हणता, हेर रीकर?"

ओटमारने झाडूच्या दांड्याकडे बघितले. फ्राउ शॉयफेलेंनी पावाची पिशवी खाली ठेवली, हात वर केला आणि मला खिळ्यावरून उचलले.

"ठेवा तो," ओटमार म्हणाला. इतका मोठा आवाज त्याने कित्येक महिन्यांत काढला नव्हता. "तो तिने लावलाय."

"ठाऊक आहे."

"तिचं शेवटचं काम आहे ते."

"म्हणूनच काढते. फ्राउ रीकरनी कधी दोन शनिवार एका दारावर ठेवला होता हा?"

ओटमारने झाडूची पकड बदलली.

"ठेवला होता का?"

"नाही."

"मग तुम्ही त्यांची आठवण राखत नाही आहात. तुम्ही त्यांचा नियम मोडताय. सगळा हिवाळा मोडलात, आणि आम्ही मूर्खासारख्या बघत बसलो." त्यांनी मला काखेत मारले आणि पाव उचलला. "तो झाडूही द्या इकडे. आता माझा आठवडा आहे."

ओटमारने झाडू दिला. त्याच्या दारावर माझ्या आकाराचा फिका चौकोन उरला होता, त्याच्याकडे बघत तो उभा राहिला.

फ्राउ शॉयफेलेंनी खालपासून वरपर्यंत जिना झाडला. धुळीला, फोल्करला आणि ओटमारला, तिघांनाही त्या वाटेत शिव्या घालत होत्या. जुन्या आणि सभ्य शिव्या. संध्याकाळ होताच त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि जाद्रांकाच्या खिळ्यावर मला लावले. दार वाजवले.

"आता तुमचा नंबर."

"पण तुमचा आठवडा तर आजच सुरू झाला," जाद्रांका म्हणाली.

"आज शनिवार आहे. शनिवारी आठवडा संपतो. नियम म्हणजे नियम." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "सोमवारपर्यंत थांबू नका."

जाद्रांका थांबली नाही. हात पुसले, मला खिळ्यावरून काढले आणि काखेत घेऊन खाली गेली. ओटमारने दार उघडले.

"हेर रीकर, फलक आता माझ्याकडे आहे. म्हणून सांगते. माझ्या झोपायच्या खोलीचं छत ओलं आहे."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"मग जानेवारीत का नाही सांगितलंत?"

"माझा आठवडा नव्हता."

ओटमारने तिच्याकडे बघितले, मग माझ्याकडे. त्याच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, मला सांगता येणार नाही. त्याने किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि कठडा धरून चढू लागला. पहिल्या मजल्यावर जाद्रांकाने हात पुढे केला तेव्हा "नको" म्हणाला. दुसऱ्या मजल्यावर न विचारता तिचा हात धरला.

तिच्या खोलीत त्याने मान वर करून डाग बघितला. मग म्हणाला, "चला वर."

पोटमाळ्याचे दार उघडताच गटाराचा वास आला. छपरातली खिडकी बोटभर उघडी होती. जानेवारीपासूनचा बर्फ तिथून विरघळून आत आला होता. खालच्या फळ्या काळ्या पडून फुगल्या होत्या. ऑक्टोबरनंतर त्या घरात फोल्करशिवाय कोणी गेलेच नव्हते. गिऱ्हाइकाला कोंदट वाटू नये म्हणून त्याने खिडकी उघडली आणि तशीच ठेवून तो खाली उतरला.

"तुम्ही लोक खिडक्या उघडत नाही, असं फोल्कर मला म्हणाला होता," ओटमार म्हणाला.

"आम्ही आमच्या उघडतो. ही तुमची आहे."

ओटमारने खिडकी ओढून बंद केली. मग स्वयंपाकघरातला नळ सोडला, तिथलाच एक जुना जग भरला आणि एकेका मोरीत पाणी ओतत फिरला. शेवटच्या मोरीशी थांबला.

"हे ती करायची," तो म्हणाला. "मला वाटायचं घर आपोआप नीट राहतं."

जाद्रांकाने त्याच्या हातातला जग घेतला आणि पुन्हा भरला.

दोन दिवसांनी गवंडी आला. ओटमार त्याच्यासोबत दुसऱ्या मजल्यावर आला होता आणि गुडघा सावरायला जिन्यातच बसला होता, माझ्या अगदी समोर. फोल्कर हातात कागद घेऊन वर आला.

"मामा, इथं काय करतोयस? ही नोटीस. सही कर, पुढचं मी बघतो."

"मी वर राहायला जाणार, असं लिहिलंयस ना?"

"हो."

"बघ, एवढंच चढून आलो आणि बसलोय. आणि चढता येत असतं तरी मी खोटं लिहिणार नव्हतो. ते मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मामा, भावना बाजूला ठेव. हा व्यवहार आहे."

"व्यवहारच सांगतो. पोटमाळ्याची खिडकी तू उघडी टाकलीस. आता छप्पर, फळ्या आणि यांच्या खोलीचं प्लॅस्टर, सगळं नव्याने करायचंय. हेच घर तुझ्या मामीने इतकी वर्षं तांब्याभर पाण्यावर सांभाळलं. सांग, कुणाचा व्यवहार महाग पडला?"

फोल्करचा चेहरा उतरला. "खिडकी मी बंद केली असेल असं वाटलं मला," तो म्हणाला.

"मलाही सगळा हिवाळा असंच काहीतरी वाटत होतं. घरं वाटण्यावर चालत नाहीत, बाळ. पोटमाळा मी भाड्याने देणार. घर विकायचं नाही."

फोल्करने कागद घडी करून खिशात घातला. काहीतरी बोलायचे म्हणून त्याने मला बोटाने वाजवले. "हा तरी विकूया. असल्या जुन्या लाकडाला लोक हौसेने पैसे देतात."

दार आतून उघडले. जाद्रांका झाडू घेऊन उभी होती.

"तो या आठवड्यात माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी बूट पुसून या. मी आत्ताच झाडलंय."

फोल्कर खाली उतरला. खालच्या पायपुसण्यावर त्याने बूट पुसल्याचा आवाज मी ऐकला, बाहेर जाताना. म्हणून म्हणतो, माणूस वाईट नव्हता.

पुढच्या शनिवारी जाद्रांकाने मला खाली आणून ओटमारच्या दारावर लावले. पोटमाळा रिकामा, म्हणून आठवडा मालकाचा. ओटमारने तो झाडला. मग तो शनिवार आला ज्याची मला धास्ती होती. संध्याकाळी तो दार उघडून माझ्यासमोर उभा राहिला. हात वर गेला. माझ्या खळग्यावर त्याचे बोट फिरले, मग अक्षरांवर. मी मनात म्हणालो, पुन्हा खाली घेतलास तर याद राख.

त्याने वादी खिळ्यावरून सोडवली. मला छातीशी धरून एकेक पायरी चढला. मी जिथे पायरी होतो त्या वळणावर क्षणभर थांबला. मग पहिल्या मजल्यावर जाऊन मला लावले आणि दार वाजवले.

"आता तुमचा नंबर," तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला.

फ्राउ शॉयफेलेंनी दार उघडून घड्याळाकडे बघितले. "पाच वाजून गेले. फ्राउ रीकर चारला यायच्या."

"ती धावत यायची. मी चढत येतो."

"मग लवकर निघत जा." त्या आत वळल्या आणि आतूनच म्हणाल्या, "बटाट्याची कोशिंबीर केलीय. वाडगा देते, थांबा. आणि तो परत आणताना धुऊन आणा."

ओटमार थांबला.

मित्रांनो, उन्हाळ्यात पोटमाळ्यावर नवे भाडेकरू आले. ओटमारने त्यांना आधी तळघर दाखवले. आता मी पुन्हा चार दारांवर फिरतो. ट्राउडेचा हात मला परत मिळणार नाही, हे मला कळते. ते दुःख माझे आहे आणि मी ते कुणाला उसने देणार नाही. पण तिच्यासाठी मला एका दारावर अडकवून ठेवाल तर मी ऐकणार नाही.

उद्या तुमचे घर असेल, त्यात दुसऱ्यांची मुले वाढत असतील. तेव्हा तुमच्या दारावरही झाडण्याचा आठवडा येऊ द्या. आणि मी तुमच्या हाती आलोच, तर मला पॉलिश करू नका, काचेत ठेवू नका, मी किती जुना आहे ते कुणाला सांगत बसू नका. शनिवार झाला की मला काढा आणि पुढचे दार वाजवा.